ताण सरत नसला तरी दात आणि हिरड्या कशा राखाव्यात

दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना ‘ताण कमी करा’ असा सल्ला पुष्कळांना मिळतो. मुंबईत नोकरी, घराचा हप्ता, मुलांची दहावी-बारावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची दुखणी एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला तो पाळता येणार नाही, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून येथे ताण लगेच जाणार नाही असेच धरून चालले आहे. ताण असताना तोंडाचे नुकसान कोणकोणत्या वाटांनी होते ते समजून घ्यावे आणि त्यांतली प्रत्येक वाट शक्य तितकी अडवावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

दाताला कीड लागते ती तोंडातले जिवाणू आणि साखर यांच्यामुळे, आणि हिरड्यांचा आजार सुरू होतो तो दातांच्या मुळाशी साचणाऱ्या चिकट किटणामुळे. ताण यांपैकी काहीही एकट्याने घडवत नाही. तो जबड्याचे स्नायू आवळून धरतो, लाळ कमी करतो, हिरड्यांची जखम भरून येण्याचा वेग मंदावतो आणि रात्री ब्रश करण्याचा उत्साह हिरावून घेतो. पहिल्या तीन गोष्टी आपल्या नकळत शरीरात घडत राहतात, तर चौथी आपल्या हातातली आहे. सर्वाधिक नुकसान चौथीमुळेच होते असे माझे मत आहे.

आरशासमोर पाच मिनिटे

प्रथम आपल्या तोंडावर ताणाच्या खुणा आहेत का, हे स्वतः पाहावे. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरण्याच्याही आधी, जबडा जड किंवा थकल्यासारखा वाटतो का आणि दोन्ही कानशिलांत ठणका आहे का, याकडे लक्ष द्यावे. रात्री दात आवळले जात असतील तर हा त्रास सकाळी अधिक असतो आणि दिवस चढेल तसा ओसरतो. दिवसा जबडा आवळण्याची सवय असेल तर तो उलट संध्याकाळी वाढतो. मग चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहून गालाची आतली बाजू पाहावी. दात जिथे मिटतात त्या उंचीवर गालाला आडवी पांढुरकी रेघ उमटली असेल, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे असतील किंवा सुळ्यांची टोके झिजून सपाट झाली असतील, तर जबडा जास्त आवळला जात असण्याचा संभव आहे.

हिरड्यांचा रंग पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर मुळातच सावळे किंवा काळपट पट्टे असतात आणि त्यांत आजाराचे काहीही नसते. पाहायचे ते हिरडीची कड दाताला घट्ट बिलगून आहे की सुजून गोलसर व लालबुंद झाली आहे, आणि ब्रश करून थुंकताना त्यात रक्ताची छटा येते की नाही. शेवटी आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात सहज जातात का, हे तपासावे. ती जात नसतील तर जबड्याचे स्नायू किंवा सांधा आखडलेला असू शकतो. सुपारी, पानमसाला किंवा गुटखा खाण्याची सवय असेल, तर सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होऊन तोंड हळूहळू उघडेनासे होण्याचा आजारही असू शकतो. तो कर्करोगाच्या आधीच्या अवस्थांमध्ये गणला जातो, त्यामुळे अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

आवळलेला जबडा सोडवण्यासाठी

तोंड मिटलेले असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेलेच असतात, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जबडा विश्रांतीत असताना ओठ मिटलेले असले तरी दातांच्या दोन ओळींमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर राहते, आणि चावताना व गिळताना दात जो काही वेळ टेकतात, तो सगळा मिळूनही दिवसाकाठी मिनिटांतच मोजण्याइतका भरतो. ताणाखालचा माणूस मात्र तासन्‌तास दात टेकवून, कित्येकदा घट्ट आवळून बसलेला असतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. साहेबांचा फोन चालू असताना, संगणकावर महिनाअखेरचे हिशेब जुळवताना, गर्दीच्या डब्यात खांद्यावरची पिशवी सांभाळत उभे असताना जबडा आपोआप बंद होतो. त्याने स्नायू थकतात, कानासमोरचा सांधा दुखू लागतो किंवा तोंड उघडताना ‘कट्‌’ असा आवाज येतो, थंड पाण्याने दात आंबतात, जुनी फिलिंग निघतात आणि कधी धडधाकट दाढेलाही बारीक तडा जातो. तडा गेलेल्या दाढेची खूण अशी, की घास चावताना, आणि विशेषतः चावून दाब सोडताना, विजेसारखी कळ येते. अशी कळ दुर्लक्षिली तर तडा खोल जाऊन पुढे दाढ वाचवता येत नाही.

दिवसा जबडा आवळण्याचा आणि झोपेत दात खाण्याचा प्रकार एकच समजला जातो, परंतु उपायांच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. दिवसाच्या आवळण्याचा ताणाशी आणि चिंतेशी असलेला संबंध अधिक स्पष्ट आहे, आणि ते लक्षात येताच थांबवता येते. झोपेतले दात खाणे हे झोप मध्ये मध्ये उथळ होण्याशी निगडित असते. ताणामुळे ते वाढू शकते, पण झोपण्यापूर्वीचे मद्य, संध्याकाळनंतरची कॉफी, तंबाखू, घोरताना श्वास अडकण्याचा आजार आणि काही औषधे यांचाही त्यात वाटा असतो. लहान मूल झोपेत दात खात असेल तर ‘पोटात जंत झाले’ असे आजही घरोघरी म्हटले जाते. मुलांमध्ये हा प्रकार मोठ्यांपेक्षा अधिक आढळतो आणि वयाबरोबर बहुधा आपोआप कमी होतो. केवळ दात खातो एवढ्यावरून जंताचे औषध देण्याचे कारण नाही.

दिवसाच्या आवळण्यावरचा सर्वात उपयोगी उपाय अगदी साधा आहे, तो म्हणजे दिवसातून अनेकदा जबड्याकडे लक्ष नेणे आणि तो सैल सोडणे. अडचण एवढीच की त्याची आठवण कामाच्या गर्दीत राहत नाही. मुंबईकरांसाठी मी लोकलमधली घोषणा ही आठवण म्हणून वापरायला सुचवतो. ‘पुढील स्टेशन’ हे शब्द कानावर पडले की ओठ हलकेच मिटावेत, ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे जिथे टेकते तिथे ते टेकवावे, दातांच्या ओळी एकमेकींपासून सुट्या कराव्यात, वर चढलेले खांदे खाली सोडावेत आणि नाकाने सावकाश श्वास बाहेर टाकावा. जीभ टाळूला टेकलेली असली की दात आवळणे आपोआप अवघड होते. ठाण्याहून घाटकोपरपर्यंत धिम्या गाडीने गेल्यास मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि घाटकोपर अशा सहा वेळा ही आठवण मिळते, आणि येता-जाता ती रोजची होते. कार्यालयात संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यावर एखादी टिकली चिकटवावी आणि नजर तिच्यावर गेली की हेच करावे. काही दिवसांनी टिकली डोळ्यांना सवयीची होऊन दिसेनाशी होते, तेव्हा तिची जागा बदलावी.

जबडा दुखत असेल त्या आठवड्यात च्युइंगम, कडक चिक्की, चकली, पापडी, ऊस चोखणे आणि बर्फ चावणे टाळावे. मऊ भात, खिचडी, उपमा, मऊ पोळी असे खावे आणि घास दोन्ही बाजूंनी चावावा. जांभई देताना हनुवटीखाली मूठ ठेवून तोंड फार उघडू देऊ नये. फोन कान आणि खांदा यांच्यात धरून बोलण्याची सवय सोडावी, कारण मान आणि जबड्याचे स्नायू एकत्रच आखडतात. दिवसातून एक-दोनदा १५ ते २० मिनिटे कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने गालाला आणि कानशिलाला शेक दिल्यास आराम पडतो, मात्र चेहऱ्यावर सूज असेल तर शेक देऊ नये.

झोपेत दात खात असल्याचे घरच्यांनी सांगितले, किंवा दातांची झीज दिसू लागली, तर दंतवैद्याकडून नाइट गार्ड करून घ्यावा. तोंडाचे माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा बनवलेला हा पातळ साचा रात्री दातांवर बसवतात. त्याने सवय जात नाही, हे आधीच समजून घ्यावे. दाब साच्यावर पडतो आणि दातांची झीज वाचते, एवढेच त्याचे काम आहे आणि तेही मोलाचे आहे. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून स्वतः चावून बसवायचे गार्ड स्वस्त पडतात, परंतु ते नीट बसत नाहीत, काहींना त्यांनी अधिकच चावत राहावेसे वाटते आणि दीर्घकाळ वापरल्यास दातांची जुळणी बदलू शकते, म्हणून ते मी सुचवत नाही. गार्ड सकाळी थंड पाण्याने व ब्रशने धुऊन डबीत ठेवावा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दिवसभर झोप येत राहणे ही लक्षणे सोबत असतील, तर दंतवैद्याबरोबरच झोपेच्या आजारांच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

येथे एक इशारा विषयाच्या थोडा बाहेरचा असला तरी दिल्यावाचून राहवत नाही. रेल्वेचा पूल किंवा जिना चढताना जबडा दुखू लागतो आणि थांबल्यावर दुखणे शमते, किंवा जबड्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असे काही होते, तर ते दाताचे अथवा ताणाचे दुखणे समजू नये. ते हृदयाचे असू शकते आणि त्या वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

हिरड्या: रक्त येणे कधीही साधे मानू नये

किटण साफ न केल्यास हिरडी किती लवकर आजारी पडते, हे डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण बंद ठेवले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगातून निघणारी आशेची गोष्ट लोकांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. हिरडीतून रक्त येण्याची पहिली अवस्था पूर्ण बरी होते, आणि ती आपल्याच हातांनी बरी होते. पुढची अवस्था, जिच्यात दाताभोवतीचे हाड झिजते, ती थांबवता येते, पण गेलेले हाड सहसा परत मिळत नाही.

ताणाचा परिणाम येथे दोन्ही बाजूंनी होतो. एकीकडे स्वच्छता ढिली पडते. दुसरीकडे दीर्घकाळ ताण असताना कॉर्टिसोल आणि त्याच्या जोडीची संप्रेरके वाढलेली राहतात, आणि जिवाणूंना तोंड देणारी शरीराची यंत्रणा नीट ताळ्यावर राहत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या विषयात सर्वात बोलका वाटतो. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर त्यांनी साडेतीन मिलिमीटरची एक जखम उन्हाळी सुटीत आणि दुसरी परीक्षेच्या तोंडावर केली. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के अधिक वेळ लागला, आणि एकाही विद्यार्थ्याची ती जखम सुटीतल्याइतक्या लवकर भरली नाही. हे विद्यार्थी तरुण आणि निरोगी होते, हे विशेष लक्षात घ्यावे.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. अक्कलदाढ काढणे, इम्प्लांट बसवणे, हिरडीची शस्त्रक्रिया यांपैकी जे तातडीचे नाही, ते शक्यतो ऐन परीक्षेच्या, मार्चअखेरच्या हिशेबाच्या किंवा घर बदलण्याच्या आठवड्यात ठेवू नये. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून महिनाभर पुढची तारीख घ्यावी. मात्र सूज, पू किंवा ताप असेल तर हा विचार करू नये, कारण जंतुसंसर्ग सवडीची वाट पाहत नाही.

आता रोजच्या स्वच्छतेविषयी. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, मऊ ब्रशने आणि किमान १००० पीपीएम फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासावेत हे सर्वांना माहीत असते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. लिहायचे आहे ते रात्रीच्या ब्रशबद्दल. झोपेत लाळ अगदी कमी होते, त्यामुळे रात्री दातांवर राहिलेले अन्न आणि किटण सर्वाधिक त्रास देते, आणि नेमका तोच ब्रश थकलेला माणूस टाळतो. नऊ-साडेनऊला घरी येऊन, जेवून, मोबाईल हातात घेऊन गादीवर आडवे झाल्यावर पुन्हा उठून ब्रश करणे जवळपास अशक्य असते. म्हणून क्रम बदलावा. जेवण झाल्यावर ताट उचलून हात धुवायला उभे राहिलेलेच आहोत, तेव्हाच ब्रश करून टाकावा आणि मगच बसावे. त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. पेस्ट थुंकून टाकावी, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते.

ताणाखालची माणसे बहुधा घाईने आणि जोराने घासतात. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. त्याचे केस दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर तिरके टेकवून जागच्या जागी हलके हलवावेत, कारण आडवे खसाखसा घासल्याने हिरडी खाली सरकते आणि मुळाशी खाचा पडतात. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची बाहेरची बाजू लाळेच्या नळ्यांच्या तोंडाशी असते, तिथेच टार्टर, म्हणजे किटण कडक होऊन बनलेला थर, सर्वात लवकर जमतो, म्हणून फारच थकलेल्या रात्रीही या दोन जागा सोडू नयेत. दातांमधल्या फटींत ब्रश पोहोचत नाही. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस, किंवा फटी मोठ्या असतील तर फटींसाठी मिळणारा छोटा ब्रश फिरवावा.

ज्या ठिकाणी रक्त येते तिथे ब्रश लावायचे लोक सोडून देतात, आणि त्यामुळे आजार तिथेच वाढतो. उलट तीच जागा हलक्या हाताने पण नियमाने साफ करावी. दहा-चौदा दिवस असे करूनही रक्त थांबले नाही, तर आत टार्टर साचलेला आहे असे समजून दंतवैद्याकडे स्केलिंग करून घ्यावे, म्हणजे तो खरवडून काढून घ्यावा. स्केलिंगने दात हलू लागतात हा समज फार पसरलेला आहे. टार्टरच्या आधाराने उभा वाटणारा दात हाड झिजल्यामुळे आधीच सैल झालेला असतो, आणि टार्टर निघाल्यावर ते आपल्या लक्षात येते, एवढेच. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी दिला असेल तर सांगितले तेवढेच दिवस वापरावा, कारण दोन आठवड्यांपेक्षा अधिक वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. निकोटिनमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आकसतो, रक्त कमी येते आणि आत हाड झिजत असतानाही वरून सर्व ठीक दिसते. ताण आला की सिगारेट वाढते, हे आपण रोज पाहतो, त्यामुळे या मंडळींनी सहा महिन्यांतून एकदा हिरड्या मोजून घ्याव्यात. दंतवैद्य बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दात यांमधली खोली पाहतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक मानतात, ४ आणि त्याहून अधिक असेल तर उपचार लागतात. मशेरीने दात घासल्याने दात मजबूत होतात ही समजूत कोकणातून मुंबईत आलेल्या अनेक घरांत अजून टिकून आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि ती जिथे रोज लागते तिथली हिरडी झिजते. दाताच्या ठणक्यावर ती दाबून धरणे तर अजिबात करू नये, तसेच अ‍ॅस्पिरिनची गोळीही हिरडीवर ठेवू नये, तिने त्वचा भाजते.

मधुमेह असलेल्यांना ताणाचा फटका दुहेरी बसतो. ताणाने रक्तातली साखर वाढते, वाढलेल्या साखरेने हिरड्यांचा आजार बळावतो आणि बळावलेला हिरड्यांचा आजार पुन्हा साखर ताब्यात येऊ देत नाही. साखर अकारण वाढू लागली तर हिरड्याही तपासून घ्याव्यात.

हिरड्यांचा एक तीव्र प्रकार तरुणांमध्ये, विशेषतः परीक्षेच्या जागरणांत, धूम्रपान आणि अपुरे खाणे यांच्या जोडीने एकाएकी उद्भवतो. दोन दातांमधली हिरडीची टोके करपल्यासारखी होतात, असह्य दुखते, तोंडाला घाण वास येतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांमध्ये तो इतका दिसला की त्याला खंदकावरूनच नाव पडले. मिठाच्या गुळण्यांवर दिवस न काढता त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा. उपचाराने तो लवकर आटोक्यात येतो.

लाळ, चहा आणि अ‍ॅसिडिटी

भीतीने तोंडाला कोरड पडते हा अनुभव सर्वांचा आहे. ताण रोजचा असेल तर ही कोरडही रोजची होते, लाळ कमी आणि घट्ट येते. लाळ तोंडातले आम्ल सौम्य करते आणि दातांना खनिजे परत देते, म्हणून ती कमी झाली की कीड झपाट्याने पसरते. नैराश्य, चिंता, अ‍ॅलर्जी आणि रक्तदाब यांवरच्या अनेक औषधांनीही तोंड कोरडे पडते. औषध मनाने बंद करू नये, ज्यांनी दिले त्यांना कोरड सांगावी. जवळ पाण्याची बाटली ठेवावी, घोट घोट घ्यावे, आणि तोंडात गोड गोळ्या चघळणे टाळावे.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच तोंडातले आम्ल वाढते. आम्ल पीएच या मापाने मोजतात आणि ते जितके वाढेल तितका पीएच खाली उतरतो. तो ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचे कडक बाहेरचे आवरण, विरघळू लागते, आणि लाळेला तो पुन्हा सावरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. कार्यालयात दर तासाला कटिंग आणि सोबत दोन बिस्किटे घेणाऱ्याच्या तोंडाला ही सवड दिवसभर मिळतच नाही. चहा सोडावा असे मी म्हणणार नाही, तो मुंबईत अनेकांचा एकमेव विसावा असतो. परंतु वेळा ठरवाव्यात, दिवसात दोन-तीनच ठेवाव्यात, चहा समोर ठेवून तासभर घुटके घेत बसू नये, संपवावा आणि पाण्याने चूळ भरावी. साखर निम्मी केली तर आणखी चांगले.

ताणाबरोबर वाढणारी अ‍ॅसिडिटी हेही दातांचे एक दुखणे आहे. रात्री घशाशी येणारे आंबट पाणी वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजवते, आणि ती आरशात दिसत नसल्याने उशिरा कळते. उलटी झाल्यावर किंवा आंबट पाणी आल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण तेव्हा मऊ झालेले एनॅमल घासले जाते. आधी नुसत्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा.

तोंड येणे

ताणाच्या दिवसांत तोंड येते आणि त्याचे खापर ‘उष्णते’वर फोडून गुलकंद किंवा सब्जा घेतला जातो. त्याने अपाय होत नाही, पण वारंवार तोंड येत असेल तर ब जीवनसत्त्वांची, विशेषतः बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिडची, तसेच लोहाची रक्ततपासणी करावी. हे साधे व्रण सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतात. जो व्रण दोन आठवड्यांनंतरही भरला नाही, जो दुखत नाही पण वाढतो, किंवा गालात-जिभेवर न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा दिसतो, तो तज्ज्ञाला दाखवायलाच हवा, आणि तंबाखू-सुपारीची सवय असेल तर एक दिवसही दवडू नये. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी अनेक जण उशिराच्या अवस्थेत पोहोचतात, आणि लवकर कळले तर उपचार पुष्कळ सोपे असतात, हे आपल्याला माहीत असूनही आपण थांबतो.

दंतवैद्याला काय सांगावे

दात दाखवताना माणसे ताणाबद्दल बोलत नाहीत, कारण त्याचा दातांशी संबंध नाही असे त्यांना वाटते. तो सांगावा. झोप किती तास लागते, रात्रपाळी आहे का, सकाळी जबडा दुखतो का, कोणती औषधे चालू आहेत, सिगारेट किंवा तंबाखू अलीकडे वाढला आहे का, एवढे सांगितले तर डॉक्टर निरोगी दाढेची विनाकारण रूट कॅनाल करण्याऐवजी दुखणाऱ्या स्नायूकडे लक्ष देऊ शकतात. नैराश्य आणि चिंतेवरच्या काही औषधांमुळे, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन, काही जणांना दात आवळण्याचा त्रास सुरू होतो. औषधांची यादी सोबत नेण्याचे हे आणखी एक कारण आहे, मात्र मात्रा बदलणे किंवा औषध बदलणे हे मानसोपचारतज्ज्ञांनीच करायचे असते.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचे महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय येथे स्केलिंगपासून हिरड्यांच्या शस्त्रक्रियेपर्यंत उपचार कमी खर्चात होतात. सकाळी लवकर गेल्यास रांगेत वेळ कमी जातो. चेहऱ्यावर सूज चढत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर रांगेचा विचार न करता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

झोप आठवड्यामागून आठवडे उडालेली असेल, जेवणात मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर दातांच्या आधी त्याकडे पाहावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. केईएमसारख्या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि तिथल्या डॉक्टरांना तोंड कोरडे पडते आणि जबडा दुखतो हेही सांगितले तर औषध निवडताना त्याचा विचार करता येतो.